बेसबॉलमधील पिचरचे मूल्यमापन आणि वेतन : संयुक्त उत्पादनातील वैयक्तिक वाट्याचा एक अभ्यास

अनेकांच्या संयुक्त श्रमातून जे फल निष्पन्न होते त्यात प्रत्येकाचा वाटा किती, हा अर्थशास्त्रातील एक जुना आणि चिवट प्रश्न आहे. श्रमिकाचे वेतन त्याच्या सीमांत उत्पादनाच्या मूल्याकडे झुकते, असे वेतनविषयक सिद्धांत सांगतो. परंतु ते उत्पादन इतरांच्या श्रमापासून वेगळे काढून मोजावयाचे कसे, याविषयी तो बहुधा मौन पाळतो. गिरणीत सूत काढणारा आणि कापड विणणारा यांचे श्रम एकाच ठाणात मिसळून जातात. ठाण विकले गेल्यावर त्याच्या किमतीतील कोणता आणा कोणाचा, हे ठाणाकडे पाहून कळत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे क्षेत्र अभ्यासकास असाधारण सोयीचे आहे. तेथे खेळाडूंचे वेतन प्रसिद्ध होते, संघाचे यशापयश निःसंदिग्ध असते आणि प्रत्येक फलंदाजाच्या पाळीचा शेवट कसा झाला याची नोंद शतकाहून अधिक काळ ठेवली गेली आहे. त्यातही पिचर, म्हणजे फलंदाजास चेंडू टाकणारा खेळाडू, हा या प्रश्नाचा सर्वांत उद्बोधक नमुना होय. कारण सामन्याचे यश अथवा अपयश त्याच्याच नावावर मांडले जाते आणि ते घडविण्यात इतरांचा हात मात्र मोठा असतो. पिचरच्या कामगिरीचा जो अंश निर्विवादपणे त्याचा स्वतःचा, तो कोणत्या मापाने ओळखावा, आणि त्याचे वेतन त्या अंशाशी कितपत जुळते, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

१. पिचरचे कार्य

पिचर फलंदाजापासून ६० फूट ६ इंच अंतरावरून चेंडू टाकतो. फलंदाजाजवळील होम प्लेट १७ इंच रुंद असते. या रुंदीच्या वर, गुडघ्यापासून साधारणतः छातीच्या मध्यापर्यंत, जे काल्पनिक क्षेत्र कल्पिलेले आहे त्यास स्ट्राइक झोन म्हणतात. त्यातून गेलेला, अथवा फलंदाजाने बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू हा स्ट्राइक. त्याबाहेरून गेलेला व फलंदाजाने सोडून दिलेला चेंडू हा बॉल. तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो. याला स्ट्राइकआउट म्हणतात. चार बॉल झाल्यास फलंदाजास पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात.

यावरून असे दिसेल की, फलंदाजाच्या पाळीचा शेवट मुख्यतः चार प्रकारे होऊ शकतो : स्ट्राइकआउट, वॉक, चेंडू मैदानाबाहेर गेल्याने होणारा होमरन, आणि मैदानात टोलावलेला चेंडू. पहिल्या तीन प्रकारांत क्षेत्ररक्षकांस जवळजवळ काहीच काम नसते. चौथ्या प्रकारात मात्र फलंदाज बाद होणार की बेस गाठणार, हे क्षेत्ररक्षकांच्या चपळतेवर, मैदानाच्या रचनेवर आणि पुष्कळ अंशी योगायोगावर अवलंबून असते. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

सामन्याचा प्रारंभ करणाऱ्या पिचरला स्टार्टिंग पिचर म्हणतात. मुख्य स्पर्धेत प्रत्येक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. हातावर पडणारा ताण फार असल्यामुळे संघ बहुधा पाच स्टार्टिंग पिचर आळीपाळीने वापरतात. यास्तव एका पिचरच्या वाट्यास मोसमात तीस-बत्तीस सामने येतात. तो थकल्यावर उरलेले डाव दुसरे पिचर पुरे करतात.

२. दोन जुनी मापे आणि त्यांचे दोष

सर्वांत जुने व लोकप्रिय माप म्हणजे पिचरच्या नावावरील जय-पराजयांची संख्या. स्टार्टिंग पिचरने किमान ५ डाव टाकले, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर असला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर तो जय त्याच्या नावावर जातो. या मापाचा दोष उघड आहे. जय मिळण्यास आपल्या संघाने धावा काढाव्या लागतात, आणि आजच्या नियमांनुसार पिचर सहसा फलंदाजी करीतही नाही. १९७२ साली फिलाडेल्फिया संघाने अवघे ५९ सामने जिंकले. त्यांपैकी २७ जय एकट्या स्टीव्ह कार्लटनच्या नावावर होते. उलटपक्षी २०१८ साली न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जेकब डिग्रॉमने २१७ डावांत नऊ डावांमागे सरासरी १.७० इतक्याच धावा दिल्या, तरी त्याच्या नावावर १० जय आणि ९ पराजय लागले. त्या वर्षी नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, यावरून जाणत्यांचा या जुन्या मापावरील विश्वास किती ओसरला होता हे दिसून येते.

दुसरे माप अर्जित धाव-सरासरीचे. क्षेत्ररक्षकांच्या चुकीमुळे गेलेल्या धावा वगळून उरलेल्या धावांची नऊ डावांमागील सरासरी, असे त्याचे स्वरूप आहे. नॅशनल लीगने १९१२ मध्ये व अमेरिकन लीगने १९१३ मध्ये ते अधिकृत केले. जय-पराजयांपेक्षा हे माप निश्चितच सरस होय, कारण त्यातून स्वसंघाच्या फलंदाजीचा परिणाम वजा होतो. परंतु क्षेत्ररक्षणाचा परिणाम वजा होतो असे जे वाटते ते केवळ वरवरचे आहे. चूक नोंदली जाते ती बहुधा चेंडूपाशी पोहोचून तो हातून निसटला तर. जो मंदगती क्षेत्ररक्षक चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही; त्या धावेचा दोष पिचरच्या माथी जातो. सारांश, जो अधिक प्रयत्न करतो तो दोषी आणि जो करीत नाही तो निर्दोष, असा विपरीत न्याय या मापात दडलेला आहे.

३. योगायोगाचे परिमाण

मैदानात टोलावलेल्या चेंडूंपैकी शेकडा सुमारे ३० चेंडूंवर फलंदाज बेस गाठतो. एखाद्या पिचरने मोसमात १८० डाव टाकले व त्यात असे ५०० चेंडू टोलावले गेले असे समजू. प्रत्येक चेंडूची संभाव्यता ०.३० धरली, तर अपेक्षित हिट १५० येतात आणि प्रमाण विचलन ५००, ०.३० व ०.७० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १० येते. म्हणजेच कौशल्यात तिळमात्र फरक नसताना हिटांची संख्या १३० ते १७० या मर्यादेत कोठेही पडू शकते. वीसांतून सुमारे एकदा ती त्याबाहेरही जाईल.

बाद होण्याऐवजी हिट मिळणे याची किंमत सरासरीने पाऊण धाव धरली जाते. यास्तव २० हिटांचा फरक म्हणजे १५ धावांचा फरक. १८० डाव म्हणजे नऊ डावांचे २० पूर्ण सामने. अर्थात् धाव-सरासरीत पाऊण धावेचा चढउतार केवळ योगायोगाने होऊ शकतो. ३.५० सरासरीचा पिचर एका वर्षी २.७५ चा थोर पिचर आणि दुसऱ्या वर्षी ४.२५ चा सामान्य पिचर म्हणून गणला जाईल, आणि त्याच्या हातात यत्किंचितही बदल झालेला नसेल. हे गणित पुढे वेतनाच्या विचारात पुन्हा उपयोगी पडेल.

४. नियंत्रण हे माप

व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये असे प्रतिपादन केले की, मैदानात टोलावलेल्या चेंडूंवर हिट मिळण्याचे प्रमाण ठरविण्यात मोठ्या स्पर्धेतील पिचर-पिचरांत फारच अल्प भेद असतो. एकाच पिचरचे हे प्रमाण एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जाताना टिकत नाही. स्ट्राइकआउट व वॉक यांचे प्रमाण मात्र बरेच टिकते. पेद्रो मार्टिनेझ याचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये त्याच्या चेंडूंवर हे प्रमाण शेकडा सुमारे ३२ होते, २००० मध्ये सुमारे २४. परंतु १९९९ मध्ये त्याने ३१३ स्ट्राइकआउट व ३७ वॉक, आणि २००० मध्ये २८४ स्ट्राइकआउट व ३२ वॉक अशी नोंद केली. म्हणजे एका वॉकमागे स्ट्राइकआउट अनुक्रमे ८.५ व ८.९. टोलावलेल्या चेंडूंचे भाग्य पालटले. नियंत्रण होते तसेच राहिले.

मॅक्रॅकनचे विधान पुढील संशोधनात काहीसे मवाळ झाले. गिरकी न घेता डळमळत जाणारा नकलबॉल टाकणारे पिचर, तसेच उंच उडणारे झेल देण्यास फलंदाजांस भाग पाडणारे काही पिचर, हे प्रमाण थोडेफार खाली ठेवू शकतात असे आढळले. परंतु त्याचा गाभा टिकला. त्याच विचारातून टॉम टँगो या अभ्यासकाने क्षेत्ररक्षणनिरपेक्ष असे माप सिद्ध केले : होमरनांस १३ ने, वॉक व अंगावर लागलेल्या चेंडूंच्या बेरजेस ३ ने गुणून त्यांची बेरीज करावयाची, त्यातून स्ट्राइकआउटांची दुप्पट वजा करावयाची, उत्तरास डावांनी भागावयाचे आणि धाव-सरासरीच्या पातळीवर आणण्यासाठी सुमारे ३ चा स्थिरांक मिळवावयाचा. सूत्रात क्षेत्ररक्षकांचा मागमूसही नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य.

नियंत्रण ही जन्मजात देणगी नव्हे, ते संपादन करता येते, याचे उत्तम उदाहरण सँडी कूफॅक्स याचे आहे. १९५८ मध्ये त्याने १५८ डावांत १०५ वॉक दिले. नऊ डावांमागे जवळजवळ ६. चेंडूचा वेग अफाट, परंतु चेंडू जाईल कोठे याची शाश्वती नाही, अशी त्याची ख्याती होती. १९६१ च्या वसंतातील सरावात नॉर्म शेरी या कॅचरने त्यास सर्व शक्ती पणास न लावता किंचित सावकाश टाकण्याचा सल्ला दिला. त्या मोसमात वॉकांचे प्रमाण ३.४ वर उतरले आणि १९६३ मध्ये, ३११ डावांत ३०६ स्ट्राइकआउट व ५८ वॉक, असे १.७ पर्यंत खाली आले. १९६२ मध्ये त्याच्या संघास पिचरांना अनुकूल असे नवे मैदान मिळाले व १९६३ मध्ये स्ट्राइक झोन वाढविण्यात आला, त्याचा लाभ त्यास झाला हे खरे. परंतु सुधारणेचा मोठा टप्पा १९६१ मध्येच, म्हणजे या दोन्ही बदलांपूर्वी, पुरा झाला होता. परिस्थितीचा परिणाम आणि कर्त्याचे कर्तृत्व यांची फारकत करण्याचे कालक्रम हे एक साधन आहे, ते असे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवला पाहिजे. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये टाकता येणे हे नियंत्रण. झोनच्या ज्या कोपऱ्यात हवा त्याच कोपऱ्यात टाकता येणे हे प्रभुत्व. क्रिकेटच्या जाणकारांस १९६४ च्या मद्रास कसोटीतील बापू नाडकर्णींची गोलंदाजी आठवेल : ३२ षटके, त्यांपैकी २७ निर्धाव, धावा ५ आणि बळी एकही नाही. अचूकता ही स्वतः एक शक्ती असली तरी बळी मिळविण्याची शक्ती तिच्याहून भिन्न असते. बेसबॉलमध्येही केवळ वॉक कमी देणारा पिचर झोनच्या मध्यभागी चेंडू टाकून होमरन ओढवून घेईल. म्हणूनच वॉकांची संख्या एकटी न पाहता एका वॉकमागे स्ट्राइकआउट किती, हे गुणोत्तर पाहणे अधिक युक्त ठरते.

५. वेतन : राखीव कलमाचा काळ

आता वेतनाकडे वळू. १८७९ पासून क्रमाने रूढ झालेल्या राखीव कलमानुसार करार संपल्यावरही खेळाडूवर त्याच संघाचा हक्क राही. अन्य संघाशी बोलणी करण्यास त्यास मज्जाव होता. मालक देईल ते वेतन स्वीकारणे अथवा खेळ सोडणे, एवढेच पर्याय उरत. १९६५ मध्ये २६ सामने जिंकून देणारा व ३८२ स्ट्राइकआउट मिळविणारा कूफॅक्स आणि त्याचा सहकारी डॉन ड्रिस्डेल यांनी १९६६ च्या प्रारंभी एकत्रितपणे खेळण्यास नकार दिला, तेव्हा कोठे कूफॅक्सला १,२५,००० व ड्रिस्डेलला १,१०,००० डॉलर वेतन मिळाले. त्याच मोसमाअखेर कोपराच्या विकाराने कूफॅक्स वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

या श्रमबाजाराचे पहिले शास्त्रशुद्ध विवेचन सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये केले. राखीव कलम असो वा नसो, खेळाडू अखेर तेथेच जाईल जेथे त्याचे मूल्य सर्वाधिक आहे. कलमामुळे फरक पडतो तो हे मूल्य खेळाडूच्या खिशात जाते की मालकाच्या, इतकाच, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु ते मूल्य किती, हे त्यांनी मोजले नव्हते.

ते कार्य जेरल्ड स्कली यांनी १९७४ मध्ये केले. त्यांची रीत दोन पायऱ्यांची होती. संघाच्या कामगिरीची मापे व त्याचे जिंकण्याचे प्रमाण यांतील संबंध प्रथम प्रतिगमनाने काढावयाचा. नंतर जिंकण्याचे प्रमाण व संघाचे उत्पन्न यांतील संबंध काढावयाचा. आणि दोहोंच्या गुणाकारावरून खेळाडूचे सीमांत उत्पन्न ठरवावयाचे. विशेष लक्षणीय गोष्ट ही की, पिचरच्या कामगिरीचे माप म्हणून त्यांनी जय-पराजय वा धाव-सरासरी न घेता स्ट्राइकआउट व वॉक यांचे गुणोत्तरच घेतले. त्यांच्या निष्कर्षानुसार सर्वसाधारण खेळाडूस त्याच्या निव्वळ सीमांत उत्पन्नाच्या शेकडा सुमारे २०, आणि नामांकित खेळाडूस शेकडा सुमारे १५ इतकेच वेतन मिळत होते. शोषणाचे प्रमाण गुणवत्तेबरोबर वाढत होते. स्कली यांनी निवडलेले माप उचित का, याचे पूर्ण स्पष्टीकरण मॅक्रॅकनच्या निरीक्षणाने २७ वर्षांनी मिळाले, असे म्हणता येईल.

६. वेतन : मुक्त बाजाराचा काळ

कर्ट फ्लड याने राखीव कलमाविरुद्ध नेलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये फेटाळला. परंतु डिसेंबर १९७४ मध्ये ओकलंडच्या मालकाने कराराची एक अट न पाळल्यामुळे लवाद पीटर साइट्झ यांनी कॅटफिश हंटर या पिचरला मुक्त ठरविले, आणि त्याच्या मूल्याचा अकस्मात लिलाव झाला. १९७४ मध्ये १,००,००० डॉलर वेतन असलेल्या हंटरने न्यूयॉर्क यांकीज संघाशी पाच वर्षांचा ३० लक्ष डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. स्कली यांचे अनुमान बाजारानेच जणू पडताळून पाहिले. डिसेंबर १९७५ मधील साइट्झ यांच्या दुसऱ्या निर्णयाने राखीव कलमच निष्प्रभ झाले.

हंटरचे उदाहरण नियंत्रणाच्या मापाची मर्यादाही दाखविते. १९७४ मध्ये त्याने ३१८ डावांत केवळ ४६ वॉक दिले, परंतु स्ट्राइकआउटही १४३ च मिळविले. म्हणजे त्याचे बहुसंख्य चेंडू मैदानात टोलावले जात व क्षेत्ररक्षक ते झेलीत. ओकलंडचा संघ तेव्हा लागोपाठ तीन वर्षे अजिंक्यपद मिळविणारा होता, आणि तेथील मैदानात सीमारेषेबाहेर झेल घेण्यास प्रशस्त जागा होती. हंटरला मिळालेल्या किमतीत या सहकाऱ्यांचा व त्या मैदानाचा अंश किती, हा प्रश्न करारपत्रात कोणी विचारला नाही. पुढे हाताच्या दुखण्यामुळे त्यास १९७९ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, निवृत्त व्हावे लागले.

आजची व्यवस्था तीन टप्प्यांची आहे. सामान्यतः पहिली तीन वर्षे खेळाडू किमान वेतनाच्या आसपास राहतो. पुढील तीन वर्षे त्यास लवादाकडे जाता येते. सहा वर्षांनंतर तो मुक्त होतो. लवाद खेळाडूने व संघाने मांडलेल्या दोन रकमांपैकी एकच निवडतो; मधली रक्कम देण्याचा अधिकार त्यास नाही. डिग्रॉमचे २०१८ मधील वेतन ७४ लक्ष डॉलर होते. १० जयांच्या त्या मोसमानंतर २०१९ साठी लवादापर्यंत न जाताच १ कोटी ७० लक्ष डॉलर ठरले. त्याचे २६९ स्ट्राइकआउट व ४६ वॉक, म्हणजे ५.८ हे गुणोत्तर, जय-पराजयांहून अधिक बोलके ठरले असे दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये टेक्सस संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा १८ कोटी ५० लक्ष डॉलरांचा करार केला. २०२३ मध्ये मात्र अवघ्या ६ सामन्यांनंतर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. माप कितीही निर्दोष असले तरी ते भूतकाळाचे असते. वेतन भविष्याचे दिले जाते. पिचरच्या बाबतीत या दोहोंमध्ये कोपराचा एक स्नायुबंध उभा असतो.

आता तिसऱ्या प्रकरणातील गणिताकडे परतता येईल. सुमारे १० धावांचा फरक म्हणजे एका सामन्याच्या जयाचा फरक, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. मुक्त बाजारात एका अतिरिक्त जयासाठी संघ सुमारे ८० लक्ष डॉलर मोजतात, असे अलीकडच्या अंदाजांस अनुसरून धरले, तर योगायोगाने घडलेल्या १५ धावांची किंमत १ कोटी २० लक्ष डॉलर होते. धाव-सरासरीवर विसंबणारा संघ ही रक्कम दैवास देईल, आणि दैवाने पाठ फिरविलेल्या पिचरकडून तितकीच हिरावून घेईल. मापाची निवड ही केवळ शास्त्रीय सोयीची बाब नसून न्यायाचीही बाब आहे, ती याच कारणाने.

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संयुक्त उत्पादनात वैयक्तिक वाटा शोधताना अंतिम फलाकडून मागे जाण्यापेक्षा, ज्या क्रियेत इतरांचा हात नाही अशा क्रियेपासून प्रारंभ करणे श्रेयस्कर असते. पिचरच्या बाबतीत स्ट्राइकआउट व वॉक ही ती क्रिया होय. दुसरी, असे माप जितके शुद्ध तितके ते अपुरे. हंटरसारख्याच्या कर्तृत्वाचा काही भाग त्याच्या जाळीतून निसटतो, आणि जे निसटले त्यास शून्य मूल्य देण्याचा मोह टाळावा लागतो. तिसरी, अचूक माप हाती असणे आणि त्यानुसार वेतन मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. स्कली यांच्या काळी नामांकित पिचरला त्याच्या मूल्याचा सातवा हिस्सा मिळे तो माप नव्हते म्हणून नव्हे, तर त्यास दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मुभा नव्हती म्हणून. आजही पहिल्या तीन वर्षांतील पिचरचे मूल्य दशांशापर्यंत मोजले जाते आणि वेतन मात्र किमान मर्यादेजवळच घुटमळते. मापाने वाटा दिसतो. तो पदरात पडण्यास करार करण्याचे स्वातंत्र्य लागते.